सिमुलुए आणि स्मोंग

निवृत्त होऊन आता पंधरा-सोळा वर्षे झाली, पण नकाशा समोर आला की माझे बोट आपोआप त्यावर फिरायला लागते. भूगोलाच्या बाईंची ही खोड आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दुपारची जेवणे झाली की 'हे' शब्दकोडे घेऊन बसतात आणि मी अॅटलास. आता नातवाने संगणकावर उपग्रहाचे नकाशे बघायला शिकवल्यापासून तर विचारूच नका!

गेले काही महिने हे बोट एकाच बेटावर अडकून बसले आहे. तुमच्याकडे नकाशा असेल तर उघडा, म्हणजे बरोबरच जाऊ.

अंदमानवरून खाली निकोबारला या. निकोबारचे अगदी खालचे टोक म्हणजे इंदिरा पॉइंट. भारताचे सर्वात दक्षिणेचे टोक कोणते, असा प्रश्न परीक्षेत घातला की निम्मा वर्ग कन्याकुमारी लिहून मोकळा व्हायचा. असो. तिथून आग्नेयेला सरकलात की समुद्र ओलांडून सुमात्राचे वरचे टोक लागते. हा इंडोनेशियाचा आचे प्रांत, राजधानी बांदा आचे. आता सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याच्या बाहेरच्या अंगाला बघा. किनाऱ्याला समांतर, कोणीतरी सुतळी धरून मांडावीत तशी बेटे दिसतील. सिमुलुए, बान्याक, नियास, बातू, मेंतावाई आणि शेवटी एंगानो. यातले पहिले, सर्वात वायव्येचे, ते आपले सिमुलुए. ('आपले' म्हणायची पाळी केव्हा आली ते मलाही कळले नाही.)

सुमात्राच्या किनाऱ्यापासून हे बेट सुमारे दीडशे किलोमीटर आत समुद्रात आहे. लांबी शंभरेक किलोमीटर, रुंदी मात्र बेताची. बेट आणि भोवतीची लहान लहान बेटे मिळून एक जिल्हा होतो. क्षेत्रफळ सुमारे १८३८ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण निम्मे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ९२,८६५. मुख्य ठिकाण सिनाबांग, पूर्वेकडच्या खाडीतले बंदर. मेलाबोह, लाबुहान हाजी आणि सिंगकिल या किनाऱ्यावरच्या बंदरांतून इथे बोटी येतात, आणि लासिकिन नावाचा एक छोटा विमानतळही आहे. एके काळी लवंगेवर बेटाची चैन चालायची. आता नारळ, शेती, म्हशी, मासळी आणि शेवंडी. वाचताना सारखे वाटत होते की हे तर आपल्याच किनाऱ्याचे वर्णन चालले आहे.

आता कारभाराविषयी. हा भाग कंटाळवाणा असतो असे मुलांना वाटते, पण इथे मला सर्वात जास्त गंमत आली.

आपल्याकडे जिल्हा, तिकडे 'काबुपातेन'. त्याचा प्रमुख 'बुपाती'. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. बुपाती म्हणजे दुसरे कोणी नसून आपला भूपती! काबुपातेन म्हणजे त्या भूपतीचा मुलूख. त्याच्या खाली 'केचामातान', म्हणजे साधारण तालुका, आणि त्याखाली गाव. गावाला शब्द आहे 'देसा'. हा आपला देश. घाटावरचे लोक 'देशावरचे' म्हणवतात तो देश तिकडे जाऊन गावापुरता आटला. गावच्या मुख्याला इंडोनेशियात सर्रास म्हणतात 'केपाला देसा', आणि केपाला म्हणजे कपाळ, म्हणजे डोके. गावाचे डोके! त्यातून आचे प्रांताने आपल्या कायद्यांना अरबी नाव ठेवले आहे, 'कानून'. म्हणजे भूपती कानून राबवतो. संस्कृत आणि अरबी एका कचेरीत शेजारी शेजारी टेबले मांडून बसली आहेत आणि कोणाची तक्रार नाही.

मात्र शब्द सारखे दिसले म्हणून नाते जोडायची घाई करू नये, हे मी वर्गात नेहमी सांगायचे. सिमुलुएचे दहा तालुके आहेत. त्यांत सिमुलुए तिमुर आहे, सिमुलुए बारात आहे. तिमुर म्हणजे तैमूरलंग नव्हे आणि बारात म्हणजे भारतही नव्हे, लग्नाची वरात तर नव्हेच. तिमुर पूर्व, बारात पश्चिम, सेलातान दक्षिण, तेंगाह मधला. उत्तरेला मात्र ते 'उतारा' म्हणतात, आणि ती खरोखरच आपली उत्तर आहे.

बुपाती हे पद जुने आहे. डचांनी जावा बेटावर जुन्या सरदार घराण्यांतले बुपाती तसेच ठेवले आणि त्यांच्याकरवी राज्य केले. डच त्यांना रीजंट म्हणत, म्हणून इंग्रजीत या जिल्ह्यांना अजून 'रीजन्सी' म्हणतात. मुलींच्या शिक्षणासाठी लिहिणारी कार्तिनी, जिचा जन्मदिवस २१ एप्रिलला इंडोनेशियात साजरा होतो, ती जेपाराच्या बुपातीचीच मुलगी. आता मात्र घराण्यांचा हक्क गेला. २००५ पासून बुपाती थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो. आपला कलेक्टर आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष एकाच खुर्चीत बसवला तर जे होईल, साधारण तसे.

सिमुलुए हा जिल्हा झाला १९९९ साली. त्याआधी ते पश्चिम आचे जिल्ह्यात होते आणि त्या जिल्ह्याची कचेरी समुद्रापलीकडे मेलाबोहला. म्हणजे एखादा दाखला, एखादा दावा, एखादी बढती, जिल्ह्याच्या सहीचे काहीही असो, ती सही समुद्राच्या पलीकडे. १९८१ पर्यंत आमचा रत्नागिरी जिल्हा खाली गोव्याच्या सीमेपर्यंत होता. सावंतवाडीकडच्या शिक्षकांना जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरी गाठताना काय यातायात पडायची ते त्या पिढीला विचारा. आणि त्यांना निदान एसटी तरी होती!

१९९८ मध्ये सुहार्तोंची राजवट गेली आणि पुढच्या वर्षी इंडोनेशियाने कारभार जिल्ह्यांकडे सोपवायचा कायदा केला. मग नवे जिल्हे भराभर निघाले. जिल्ह्यातून जिल्हा निघण्याला तिकडे शब्द आहे 'पेमेकारान', म्हणजे फूल उमलणे. आपण 'विभाजन' म्हणतो, ते उमलणे म्हणतात! उमलण्यात पुढे खर्च किती वाढतो, कचेऱ्या किती होतात, हा भाग वेगळा. त्यावर तिकडेही टीका होते. पण बेटाच्या बाबतीत मला तरी हे उमलणे योग्यच वाटते.

बेटावर भाषा कमीत कमी तीन. देवायान, सिगुलाई आणि लेकोन. शिवाय सिनाबांगच्या बाजारात मिनांगकाबाऊच्या वळणाची एक बोली, मशिदीत अरबी, शाळेत आणि कचेरीत इंडोनेशियन. देवायानचे नाव या बेटाबाहेर कोणी ऐकले असण्याचे कारण नव्हते. या देवायान भाषेतला एक शब्द आहे, स्मोंग. माझे बोट अडकले आहे ते या शब्दापाशी.

४ जानेवारी १९०७ रोजी या भागात समुद्राखाली भूकंप झाला. त्या काळच्या भूकंपमापकांवरचे कागद तज्ज्ञांनी शंभर वर्षांनी पुन्हा काढून पाहिले, तेव्हा लक्षात आले की तो विचित्र भूकंप होता. जमीन हलली त्या मानाने लाट फारच मोठी आली. धक्का बसून गेल्यावर समुद्र मागे हटला. पाण्याखालचे खडक उघडे पडले, मासे तडफडायला लागले. बेटावर सांगतात ते असे, की लोक मासे गोळा करायला धावले. आणि मग समुद्र परत आला.

किती गेले याचा खात्रीचा आकडा नाही, पण वाचलेल्यांच्या मनातून ते गेले नाही. त्यांनी त्याला स्मोंग म्हटले, आणि एवढ्यावर न थांबता ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. बेटावर 'नाफी-नाफी' नावाची गोष्टी सांगायची परंपरा आहे, तीत ती शिरली. 'नांदोंग' नावाच्या गाण्यांत शिरली, मुलांना झोपवताना म्हणायच्या अंगाईत शिरली. गोष्ट तशी तीन वाक्यांची. जोराचा भूकंप झाला, आणि त्यानंतर समुद्र मागे गेला, तर काही न घेता डोंगराकडे पळा. बस्स. कारण सांगितलेले नाही, देवाचा कोप आहे की भूपट्ट सरकला आहे याची चर्चा नाही. मी तीसेक वर्षे पाठ शिकवले. इतका आटोपशीर पाठ एकही नव्हता.

२६ डिसेंबर २००४, रविवार. तिकडच्या घड्याळात सकाळचे आठ वाजायला दोन मिनिटे कमी. ९.१ क्षमतेचा भूकंप झाला आणि त्याचे केंद्र सिमुलुएच्या जवळ. बेटाच्या उत्तर टोकाशी लांगी नावाचे गाव आहे, वस्ती आठशेच्या आसपास. तिथे पहिली लाट आली ती जेमतेम आठ मिनिटांत, आणि दहा ते पंधरा मीटर उंचीची. आपल्या तिमजली-चारमजली इमारतीएवढी. घरे जमीनदोस्त झाली. माणूस एकही गेला नाही. जमीन हलायची थांबताच सगळे गाव टेकडीवर होते.

त्या वेळी सबंध बेटाची लोकसंख्या सुमारे ७८ हजार होती. त्यांतली सात माणसे गेली. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा शून्ये खायची राहिली असतील असे वाटले. पण नाही. सात.

त्या दिवशी इंडोनेशियात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ६७ हजार, आणि बहुतेक सगळे याच आचे प्रांतातले. बांदा आचेला लाट बेटानंतर पोहोचली, म्हणजे वेळ थोडा जास्तच होता. पण तिथे समुद्र मागे गेला तेव्हा काय समजायचे हे लोकांना ठाऊक नव्हते. आणि मेलाबोह? जिल्ह्याची कचेरी, न्यायालय, इस्पितळ, फौजेची ठाणी, सगळे जिथे होते ते मेलाबोह उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे गेली. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ज्या गावाच्या शिक्क्याशिवाय बेटावरचा कागद हलत नसे, त्या गावाला बेटावरच्या आज्यांना ठाऊक असलेला एक शब्द ठाऊक नव्हता. इतकी वर्षे बोटींतून अर्ज गेले, सारा गेला, लवंगा गेल्या. स्मोंग गेला नाही. तो कोणी मागितलाच नव्हता! वरची कचेरी खालच्या गावाकडून आकडे मागवते. आमच्या शाळेकडून पटसंख्या मागवायचे, शौचालये किती ते मागवायचे. तुमच्याकडचे म्हातारे काय सांगतात, असा रकाना एकाही तक्त्यात कधी नव्हता.

पण नुसत्या शब्दाचे कौतुक करून थांबले तर भूगोलाशी बेइमानी होईल. सिमुलुएची बहुतेक गावे किनाऱ्यावर असली तरी पाठीशी लगेच टेकड्या आहेत. पाच-दहा मिनिटांत माणूस उंचावर जातो. बांदा आचे सपाट आहे, तिथे पाणी तीन-चार किलोमीटर आत शिरले. तिथल्या माणसाला स्मोंग ठाऊक असता तरी तो पायी कुठवर गेला असता? काही नक्की वाचले असते, सगळे नाही. शब्दही हवा आणि टेकडीही हवी. दोन्ही एका जागी असण्याचे भाग्य सिमुलुएला लाभले. ज्यांच्याकडे टेकडी नाही त्यांना मग उंच इमारती, भोंगे, उपकरणे लागणारच. हिंदी महासागरासाठी तोवर अशी काही यंत्रणाच नव्हती. आपल्या हैदराबादचे केंद्र २००७ मध्ये सुरू झाले, इंडोनेशियाचे २००८ मध्ये. पण आठ मिनिटांच्या अंतरावर बसलेल्या लांगीला केंद्राचा संदेश मिळेपर्यंत काय उरते, हे गणित सातवीतले मूलही करील.

आता खरा भूगोल. या बेटांच्या पश्चिमेला समुद्रतळाशी खोल गर्ता आहे. तिथे आपल्या बाजूचा भूपट्ट सुमात्राच्या पट्टाखाली शिरतो, वर्षाला चार-पाच सेंटिमीटर, बोटांची नखे वाढतात साधारण त्या वेगाने. शिरताना तो वरच्या पट्टाची कड आपल्याबरोबर खाली ओढतो. वर्गात मी हे फूटपट्टीने दाखवत असे. टेबलाच्या कडेबाहेर काढलेले फूटपट्टीचे टोक खाली दाबून धरायचे आणि सोडायचे. टोक फाडकन वर येते. भूकंपात नेमके हेच होते, आणि सिमुलुए त्या टोकावर बसले आहे.

२००४ च्या भूकंपात भेग फाटत गेली ती सिमुलुएपासून थेट अंदमानपर्यंत, सुमारे १३०० किलोमीटर. त्यात बेटाचे वायव्येचे टोक दीड मीटरपर्यंत वर आले. मग तीन महिन्यांनी, २८ मार्च २००५ रोजी रात्री अकराच्या सुमारास, दुसरा भूकंप झाला, ८.६ क्षमतेचा. तो फाटला दक्षिणेकडे, नियासच्या दिशेने, आणि या खेपेला सिमुलुएचे दक्षिणेचे टोक तितकेच वर आले. मधला भाग दोन्ही वेळा फारसा हलला नाही. म्हणजे दोन प्रचंड भूकंपांच्या मधोमध हे बेट बिजागरीसारखे आहे. तीन महिन्यांत आधी एक टोक उचलले, मग दुसरे!

बेट वर येणे म्हणजे काय, याचा आपण विचार करत नाही. जी प्रवाळे ओहोटीच्या पाण्याखाली जगत होती ती हवेत आली आणि मेली. किनाऱ्याला पांढऱ्या सांगाड्यांचा पट्टा तयार झाला. कालपर्यंत जिथे होडी लागत होती तिथे कोरडे. नकाशावरची किनाऱ्याची रेघ आठवड्याभरात खोटी ठरली. नव्या जिल्ह्याला अजून सहा वर्षेही झाली नव्हती, आणि त्याची जमीन आपोआप वाढली होती. ती कोणाच्या नावावर लावायची, हा प्रश्न तलाठ्याच्या पातळीवर किती गुंतागुंतीचा असेल याची मला अजून उत्सुकता आहे.

आणि फूटपट्टीचे टोक वर येते तेव्हा मागचा भाग खचतो. सुमात्राचा पश्चिम किनारा काही ठिकाणी खचला. आपला इंदिरा पॉइंटही त्याच २६ डिसेंबरला सव्वाचार मीटर खाली गेला. तिथले दीपगृह पूर्वी कोरड्या जमिनीवर होते, त्याचा पाया पाण्यात गेला. एकाच धक्क्यात त्यांचे बेट वर आणि आपले टोक खाली. मुलांना परीक्षेत विचारायचा तो बिंदू जागचा हलला होता, आणि उत्तरपत्रिकेतले उत्तर मात्र तेच राहिले!

मेलेल्या त्या प्रवाळांनी संशोधकांना भरपूर काही सांगितले आहे. प्रवाळ वर्षावर्षाला वाढते, झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे, आणि पाण्याची पातळी त्याच्या आकारात उतरते. सिमुलुएच्या उत्तरेकडची जुनी प्रवाळे कापून पाहिली तेव्हा कळले की चौदाव्या-पंधराव्या शतकातही बेट असेच उचलले गेले होते. तेव्हा लाटही आली असणारच. त्या वेळचा शब्द मात्र आज कोणाकडे नाही. म्हणजे बेटावरची आठवणही कायमची नसते. १९०७ ची आठवण ९७ वर्षे टिकली. २००४ मध्ये ती लाट पाहिलेले कोणी जिवंत असलेच तर शंभरीचे. तरी लांगीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मधल्या काळात कितीतरी भूकंप झाले असतील, लोक टेकडीवर गेले असतील, लाट आली नसेल आणि ते हात हलवत खाली आले असतील. अशा वेळी 'उगाच घाबरवता' असे म्हणणारे निघतात. कोणी तसे म्हटले असलेच, तरी ऐकले कोणी नाही.

याच माळेतले दुसरे उदाहरण सांगते. मेंतावाई बेटे सिमुलुएबरोबरच, त्याच १९९९ साली, स्वतंत्र जिल्हा झाली. २५ ऑक्टोबर २०१० रोजी तिथे रात्री भूकंप झाला, तो जवळजवळ १९०७ सारखाच. हादरा सौम्य, लांबलेला, आणि मागून मोठी लाट. चारशेहून अधिक माणसे गेली. धक्का जोराचा नसल्यामुळे अनेकांना पळावेसे वाटले नाही. म्हणजे स्मोंगचे पहिले वाक्य, 'जोराचा भूकंप', हेसुद्धा दर वेळी पुरे पडत नाही. हादरा हळू असला पण थांबतच नसला, तरी उठावे. हे तज्ज्ञांनी सांगितलेले आहे, आणि ते त्या गोष्टीत घालायला हवे. आज्यांनी तज्ज्ञांचे ऐकायला माझी हरकत नाही, तज्ज्ञांनी आज्यांचे ऐकले असेल तर.

आणि पालू. सुलावेसी बेटावरच्या या शहरात २८ सप्टेंबर २०१८ रोजी भूकंप झाला, लाट आली आणि काही वस्त्यांखालची जमीन पातळ होऊन घरे गिळून गेली. चार हजारांवर माणसे गेली. तिथल्या काइली भाषेत दोन्हींना शब्द होते! लाटेला 'बोंबा तालू', म्हणजे तीन लाटा, आणि जमीन गिळण्याला 'नालोदो'. शब्द होते, पण तोंडातून गेले होते. ज्या जागेला नालोदोची आठवण होती तिथेच नव्या वसाहती उभ्या राहिल्या.

हे वाचल्यापासून मी आपल्या किनाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघते. माझी शाळा समुद्रकाठची. वर्गात निम्मी मुले होडीवाल्यांची. त्यांच्याकडून मी कितीतरी शब्द शिकले. भरती आणि सुकती, उधाण आणि भांग, वाऱ्यांची नावे, वेगवेगळी. आपली भाषा समुद्राच्या बाबतीत अजिबात दरिद्री नाही. पण समुद्र एकाएकी मागे जाणे आणि डोंगर होऊन परत येणे, याला आमच्याकडे शब्द नाही. २००४ साली पेपरात 'त्सुनामी' छापून आले, तेव्हा सकाळच्या प्रार्थनेनंतर तो फळ्यावर कसा लिहायचा इथपासून शिक्षकांच्या खोलीत वाद झाला होता. जपानी शब्द आहे, आम्ही तोच वापरतो. वापरायला हरकत नाही, पण त्याला सूचना जोडलेली नाही. त्सुनामी म्हटले की टीव्ही आठवतो, पाय हलत नाहीत.

आणि आपल्याकडे असे काही होतच नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. नोव्हेंबर १९४५ च्या अखेरीस मकरानच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, मोठा भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत आली. मुंबईत माणसे वाहून गेली. मी २००५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत गावातल्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या पाच-सहा जणांना मुद्दाम विचारले. लढाई संपल्याचे वर्ष सगळ्यांना आठवत होते, रेशन आठवत होते, एकीला त्या वर्षी झालेले आपले लग्न तिथीसकट आठवत होते. लाटेचे नाव कोणी काढले नाही. आमच्या गावापर्यंत ती जाणवण्याइतकी आलीच नसेल. पण मुंबईत कामाला असलेले निम्मे गाव होते की! कोणीतरी सणाला घरी आल्यावर सांगितलेही असेल. पुढे गेले नाही.

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आला होता. आता त्याच्या स्वतःच्या दोन बोटी आहेत, मुलगा कॉलेजात आहे. चहा घेता घेता मी त्याला सिमुलुएची सगळी गोष्ट सांगितली, नकाशासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतली.

मग म्हणाला, "बाई, खरं सांगू? पाणी असं एकदम मागं गेलं ना, तर आम्ही आधी बोटी बघायलाच खाली धावणार."

मी म्हटले, "अरे, १९०७ सालचे तेही मासे बघायलाच धावले होते."

तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले की तो शब्द काय म्हणालात, पुन्हा सांगा. दोनदा म्हणून पाहिला. त्याच्या तोंडी तो 'समोंग' असा झाला, बहुधा आमच्या गावात तो तसाच होईल. सड्यावर जायची पाखाडी कोळीवाड्याच्या कुठल्या अंगाने जवळ पडते, याचा मग आम्ही बराच वेळ हिशेब केला. जुनी पाखाडी मधल्या वाडीतून आहे, पण तिच्या तोंडाशी आता एका बंगल्याचे गडग्याचे काम चालू आहे. ग्रामपंचायतीत विचारतो म्हणाला. माझ्या घरामागून जाते ती दुसरी. दहा मिनिटांची चढण आहे, माझ्या गुडघ्यांना वीस.